राहिलेलं बी.ए. : पोस्टाच्या पाकिटापासून मोबाईलपर्यंत

(पोस्ट मोठी आहे. ज्यांचं ग्रॅज्युएशन मध्येच राहिलंय त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचा.)

परवा बाजाराच्या दिवशी एक ताई ऑफिसला आल्या. ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानामागची माझी खोली. ताई अंगणवाडीत आहेत, वीस वर्षं झाली. बारावी झालेल्या. पुढच्या एका जागेसाठी पदवी मागतात म्हणून त्यांची धडपड. पिशवीतून एक घडी घातलेलं पत्रक काढलं आणि म्हणाल्या, "दादा, तुम्ही पेपरवाले. हे खरं का खोटं तेवढं सांगा."

पत्रकावर लिहिलं होतं : एका वर्षात पदवी, परीक्षा घरून, शंभर टक्के पास. विद्यापीठ भलत्याच राज्यातलं. एकूण पंचेचाळीस हजार, त्यातले पंधरा हजार ताईंनी भरलेले. पावती साध्या कागदावर, खाली गोल शिक्का. शिक्क्यात त्या विद्यापीठाचं नावच नाही, एका 'अकॅडमी'चं आहे.

खोटं आहे, हे सांगायला पाच मिनिटं लागली. तीन वर्षांची पदवी एका वर्षात कुठलंच मान्यताप्राप्त विद्यापीठ देऊ शकत नाही. पण ताईंनी पुढचा प्रश्न विचारला, "मग खरं कुठलं? घरचं, अंगणवाडीचं बघून मला झेपंल असं कुठलं हाय?" इथं माझी बोबडी वळली. वीस-बावीस वर्षं बातम्या लिहितोय, दरवर्षी 'मुक्त विद्यापीठाची प्रवेशप्रक्रिया सुरू' अशी बातमी लावतोय, पण कुणाचं काय वेगळं, ते नीट सांगता येईना.

आता कबुली. माझंही बी.ए. राहिलेलंच आहे. २००० साली एस.वाय. झालं, वडील आजारी पडले, कॉलेज सुटलं. मग पत्रकारितेची पदविका केली, पोटापाण्याला लागलो. त्यामुळं ताईंचा प्रश्न घेऊन बसलो तो त्यांच्यासाठी तेवढाच माझ्यासाठीही. आणि शोधता शोधता कळलं की आज जे पर्याय समोर आहेत ते समजून घ्यायचे तर ते कुठून आले ते बघावं लागतं. प्रत्येकाची घडण वेगळ्या काळातली आहे, आणि त्याचे गुण-दोष तिथूनच आलेत.

सुरुवात इंग्लंडात, पोस्टापासून. १८४० साली तिकडं एक पेनीत देशभर कुठंही पत्र जायला लागलं. त्याच सुमारास आयझॅक पिटमन नावाच्या माणसानं पोस्टानं लघुलिपी शिकवायला घेतली. विद्यार्थी कार्डावर धडा उतरवून पाठवायचा, पिटमन चुका दुरुस्त करून परत पाठवायचा. धडा जातोय, दुरुस्त होऊन परत येतोय, यातला 'परत येतोय' हा भाग लक्षात ठेवा. पुढं सगळी भानगड तिथंच आहे.

१८५८ साली लंडन विद्यापीठानं एक मोठा दरवाजा उघडला. कॉलेजात न जाताही परीक्षेला बसा, पास झालात तर पदवी घ्या. ही 'बहिःस्थ' पदवी. विद्यापीठ शिकवणार नाही, फक्त तपासणार. तुम्ही कुठं शिकलात, कसं शिकलात, ते तुमचं तुम्ही बघा. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातल्या लोकांनी याचा फायदा घेतला. नेल्सन मंडेलांनी रॉबेन बेटावरच्या तुरुंगात दिवसा दगड फोडून रात्री लंडनच्या कायद्याच्या पदवीचा अभ्यास केला. ती पदवी त्यांना शेवटी १९८९ साली मिळाली, ती दक्षिण आफ्रिका विद्यापीठाची, टपालानं शिकून, आणि तीही कैदेत असतानाच. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. पंचेचाळिशीत "आता काय शिकायचं" म्हणणाऱ्यांनी (म्हणजे मी) याची नोंद घ्यावी.

आपल्याकडं मुंबई विद्यापीठ १८५७ चं. पहिली बी.ए.ची तुकडी १८६२ मध्ये बाहेर पडली, त्यात न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर होते. पण ते शिक्षण होतं कॉलेजात रोज जाऊ शकणाऱ्यांचं. ज्याला दिवसा राबावं लागतं त्यानं काय करायचं, हा प्रश्न आपल्या मातीत विद्यापीठाच्याही आधी विचारला गेलाय. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' उभं केलं. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा तास सकाळी ठेवले, कारण पोरांना नंतर कामावर जायचं होतं. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिलांचं विद्यापीठ काढलं ते मातृभाषेतून.

म्हणजे बघा. वेळ विद्यार्थ्याची, भाषा विद्यार्थ्याची आणि कामधंदा सांभाळून शिक्षण. आज जाहिरातीत 'फ्लेक्सिबल' म्हणून जे विकलं जातं ते सगळं या चार माणसांनी आपापल्या काळात करून ठेवलंय. राहिली एकच अडचण : गाव. सिद्धार्थ कॉलेज सकाळी भरत असलं तरी ते मुंबईतच भरणार. परांड्याच्या माणसानं काय करायचं?

तिथं पत्राद्वारे अभ्यासक्रम आला. १९६१ साली डॉ. दौलतसिंग कोठारींच्या अध्यक्षतेखाली यासाठी केंद्रानं समिती नेमली आणि १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठात पत्राद्वारे शिक्षण सुरू झालं. मुंबई विद्यापीठानं १९७१ मध्ये तसाच विभाग काढला. तोच पुढं 'आयडॉल' झाला, आता त्याला दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र म्हणतात. पुणे, कोल्हापूरकडं 'एक्स्टर्नल' बसायची पद्धत जोरात होती. माझ्या पिढीतल्या कितीतरी मास्तरांनी, तलाठ्यांनी, पोलिसांनी एक्स्टर्नल बी.ए. केलंय. दिवाळीला फॉर्म, उन्हाळ्यात पेपर, मधे कुणाच्या तरी नोट्सची झेरॉक्स.

पण एक्स्टर्नल म्हणजे १८५८ चंच लंडन. विद्यापीठ तपासतं, शिकवत नाही. पत्राद्वारे म्हणजे त्याला जोडून नोट्सचं पाकीट. अभ्यासक्रम तोच, परीक्षा तीच, पुस्तकं कॉलेजातल्या पोरांसाठी लिहिलेली. समोर मास्तर आहे असं धरून लिहिलेलं पुस्तक एकट्यानं घरी बसून वाचलं की कसं होतं, ते मला विचारा. २००८ साली मी एकदा एक्स्टर्नलचा फॉर्म भरला होता. अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलं, तिसऱ्या पानावर आलेख. शेजारी विचारायला कुणी नाही. पुस्तक मिटलं ते मिटलंच. परीक्षेला बसलोच नाही.

मुक्त विद्यापीठ ही वेगळी गोष्ट आहे, आणि इथंच बहुतेकांचा घोटाळा होतो. ब्रिटनमध्ये १९६३ साली हॅरल्ड विल्सन यांनी 'हवेतल्या विद्यापीठा'ची कल्पना मांडली, म्हणजे रेडिओ-टीव्हीवरून चालणारं. जेनी ली नावाच्या मंत्रीणबाईंनी, स्वतः खाणकामगाराची मुलगी, ती नेटानं पुढं नेली. विरोधकांनी टिंगल केली. १९६९ मध्ये विद्यापीठाला सनद मिळाली, १९७१ मध्ये पंचवीस हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांनी शिक्षण सुरू केलं. कुठलीही प्रवेशपात्रता नाही. पण खरा बदल वेगळाच होता. पुस्तकच असं लिहायचं की त्यातच मास्तर असेल. प्रत्येक घटकाला उद्दिष्ट, मधे मधे प्रश्न, शेवटी उत्तरं. गृहपाठ पाठवायचा, तो तपासून शेरा लिहून परत येणार. गावाजवळ केंद्र, तिथं अधूनमधून भेट. पिटमनचं कार्ड परत यायचं ना, तसं.

भारतात हा नमुना पहिल्यांदा आला १९८२ मध्ये, हैदराबादला. आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ, आता त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे. तिथले पहिले कुलगुरू जी. राम रेड्डी. १९८५ मध्ये संसदेनं इग्नूचा कायदा केला तेव्हा त्याचेही पहिले कुलगुरू तेच झाले. इग्नूनं १९८७ मध्ये फक्त दोन पदविकांनी सुरुवात केली, साडेचार हजार विद्यार्थी होते. (त्याच काळात दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' लागायचं. आम्ही पोरं पुढचा कार्यक्रम लागायची वाट बघत ते बघायचो. कळायचं काही नाही, पण विद्यापीठ घरात येऊ शकतं हे तेव्हाच बघितलं.)

आणि १९८९ च्या जुलैत नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले, पुढं इग्नूचेही झाले. २०२३ मध्ये ते गेले तेव्हा आपल्याकडं दोन कॉलमची बातमी लागली, मीच लावली. त्या माणसाचं काम बघता ती फार छोटी होती, हे आता कळतंय. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन त्यांनी मराठीतून, एकट्यानं वाचता येतील अशी पुस्तकं लिहवून घेतली. कॉलेजांमध्ये अभ्यासकेंद्रं दिली. पदवीच्या जोडीला शेतीचे, बागकामाचे अभ्यासक्रम ठेवले. ज्यांची बारावी नाही त्यांच्यासाठी पूर्वतयारी अभ्यासक्रम काढला. आपल्या तालुक्यातल्या किती बायका त्या वाटेनं पदवीधर झाल्या ते घरोघरी विचारून बघा. त्यात एखादी सासू नक्की निघेल.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर जाहिरात होईल.

दूरशिक्षणात पैसा आहे हे कळल्यावर दुकानं निघाली. छत्तीसगडमध्ये २००२ च्या कायद्याखाली शंभरावर खासगी विद्यापीठं निघाली, काहींना धड इमारतही नव्हती. प्रा. यशपाल न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या विद्यापीठांची स्थापनाच रद्द केली. २०१७ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं पत्राद्वारे दिलेल्या इंजिनिअरिंग पदव्यांबद्दल निकाल दिला. काही अभिमत विद्यापीठांच्या २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या निलंबित झाल्या, पुन्हा परीक्षा द्या म्हणून सांगितलं. नोकरीत स्थिरावलेली माणसं ती. विद्यापीठानं केलेली चूक विद्यार्थ्यानं भरायची.

पूर्वतयारीच्या वाटेनं आलेल्यांनाही काही ठिकाणी नोकरीच्या वेळी अडवलं गेलंय, "आधी बारावी कुठंय?" म्हणून. म्हणून ज्यांना नोकरीसाठीच पदवी हवी आहे त्यांनी शक्य असेल तर आधी बारावी करावी, आणि त्या जागेचे सेवाप्रवेश नियम आधी वाचावेत.

आणि केंद्रांचं म्हणाल तर, एका केंद्रावर मी रविवारी संपर्कसत्राची बातमी करायला गेलो. वेळापत्रकात तास होता, दाराला कुलूप होतं. शिपाई म्हणाला, "साहेब, येतंच कोण?" विद्यार्थी येत नाहीत म्हणून मास्तर येत नाहीत आणि मास्तर येत नाहीत म्हणून विद्यार्थी. गृहपाठ तर गठ्ठ्यानं एकाच अक्षरात लिहून मिळतात. मुक्त म्हणजे मोकाट असं आपणच करून ठेवलंय. नंतर "मुक्तवाला आहे" म्हणून कुणी नाक मुरडलं की राग येतो.

तर आता ताईंचा प्रश्न. मला जे समजलं ते असं :

१) यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ : मराठी माध्यम, पुस्तकं एकट्यानं वाचण्याजोगी, केंद्र तालुक्याच्या गावात किंवा शेजारी. राज्यात आठ विभागीय केंद्रं. ज्यांची गाडी इंग्रजीपाशी अडते त्यांनी पहिला विचार याचाच करावा.

२) इग्नू : वर्षातून दोनदा प्रवेश, जानेवारी आणि जुलै. परीक्षाही दोनदा, जून आणि डिसेंबर. एक पेपर राहिला तर सहा महिन्यांत पुन्हा संधी. तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरवून करता येते. गृहपाठाला साधारण ३० टक्के वजन, परीक्षेला ७०. पण माध्यम मुख्यतः इंग्रजी-हिंदी, आणि आपल्या भागातून विभागीय केंद्र म्हणजे पुणे. बदलीच्या नोकरीत असलेल्यांना, फौजेतल्या पोरांना हे सोयीचं, कारण देशात कुठंही केंद्र बदलून घेता येतं.

३) मुंबई, पुणे, कोल्हापूर या जुन्या विद्यापीठांची दूरशिक्षण केंद्रं : पदवीवर ओळखीचं नाव, अभ्यासक्रम नेहमीच्या कॉलेजाशी जवळचा. पण घडण पत्राद्वारे शिक्षणाची, म्हणजे स्वतःचं स्वतः वाचायची सवय पाहिजे.

४) ऑनलाइन पदव्या : यूजीसीनं मान्यता दिलेल्या असतील तर कायदेशीर. व्हिडिओ केव्हाही बघता येतो, पण फी बघा, नेटवर्क बघा, आणि परीक्षा कशी होते ते बघा. प्रवेश घेऊन देणारा मधला माणूस विद्यापीठाचा नसतो, हे पक्कं ध्यानात ठेवा.

यातलं काहीही निवडा, यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं, त्या अभ्यासक्रमाचं आणि त्या वर्षाचं नाव आहे का ते बघा. तिन्ही. विद्यापीठ मान्य असतं आणि अभ्यासक्रम मान्य नसतो, असंही होतं. २०२४ पासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशाला विद्यार्थ्याला त्याच संकेतस्थळावर स्वतःचा डेब आयडी काढावा लागतो. "तो आम्ही बघून घेऊ" असं कुणी म्हणालं की उठून चालायला लागा. आणि मान्य असेल तर पदवीचा दर्जा कॉलेजात जाऊन घेतलेल्या पदवीइतकाच, हे यूजीसीनं २०२२ मध्ये जाहीर केलंय. नाक मुरडणाऱ्याला ते दाखवा.

माझ्यासारख्या अर्धवट सोडलेल्यांसाठी : नव्या धोरणात श्रेयांकांची बँक आलीय. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं एस.वाय.चं मार्कशीट त्यात आपोआप जमा होत नाही. सरळ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला घेतील का, हे ज्या विद्यापीठात जायचं त्यालाच लेखी विचारा. तोंडी "होऊन जाईल" यावर फी भरू नका.

आता ताईंचं काय झालं ते. मी त्यांच्याबरोबर त्या 'अकॅडमी'त गेलो. पत्रकार आलाय म्हटल्यावर चहा आला. पाच हजार परत मिळाले, बाकीचे दहा म्हणे 'प्रोसेसिंग'ला गेले. तक्रार दिलीय, पाठपुरावा चालू आहे. दहा हजार म्हणजे त्या ताईंचं किती दिवसांचं मानधन याचा हिशेब तुम्हीच करा. ज्यांचे ज्यांचे पैसे असे गेलेत त्यांनी लाज न धरता पुढं या. एकटी बाई तक्रार देते तेव्हा कागद टेबलावर राहतो, दहा जणी आल्या की तो हलतो.

ताईंनी मुक्तचं पहिलं वर्ष घ्यायचं ठरवलंय. जाताना मला म्हणाल्या, "दादा, तुमचं बी राह्यलंय म्हणता, मग तुम्ही का नाही भरत?"

मी म्हणालो, वेळ कुठंय. ते खोटं होतं. वेळ आहे. खरं कारण असं की परीक्षाकेंद्र आपल्याच गावातल्या कॉलेजात आहे. तिथल्या कॉपीवर मी दोनदा बातमी लावलीय. ज्या पर्यवेक्षकांवर लिहिलं त्यांच्यासमोर, भाच्याच्या वयाच्या पोरांशेजारी बाकावर बसायचं, आणि नापास झालो तर गावभर होणार. लाज वाटते, एवढंच आहे ते. ताईंना ती वाटली नाही. त्यांना फसवलं गेलं, तरी त्या दुसऱ्यांदा फॉर्म भरायला निघाल्या.

फॉर्म अजून भरलेला नाही. डेब आयडी मात्र काल रात्री काढला.

तुमच्यापैकी कुणी नोकरी, शेती, संसार सांभाळून पदवी पूर्ण केली असेल तर खाली लिहा. कुठून केली, किती वर्षं लागली, कुठं अडलं. ताईही वाचणार आहेत आणि मीही.